कापलेला भाग

फाइल जड झाली की माणसं आधी इंटरनेटला शिव्या घालतात, मग समोरच्या वेबसाइटला, मग आपल्या नशिबाला. आणि सगळ्यांना घालून झाल्या की तिच्याकडे येतात.

टायपिंग, छपाई आणि बाइंडिंगच्या त्या अरुंद दुकानात तिचं टेबल सगळ्यात आत होतं, भिंतीला खेटून. बाहेरच्या अंगाला झेरॉक्सचं मशीन, त्याच्या पलीकडे मालकीणबाईंची खुर्ची आणि त्या खुर्चीतून साऱ्या रस्त्यावर नजर. कोणी पेन ड्राइव्ह मुठीत धरून दारात घुटमळलं की मालकीणबाई मान न वळवता आत ओरडायच्या, "वजनवाले, तुझं गिऱ्हाईक!"

हे नाव तिला त्यांनीच दिलं होतं. "बाळंतपणातलं स्वतःचं वजन अडीच वर्षांत उतरेना, आणि लोकांच्या फायली मात्र अर्ध्या तासात खंगवते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. तीही हसून घ्यायची. खोटं कुठे होतं? चार पानांचा अर्ज, आणि वजन साठ एमबी, कारण कोपऱ्यातला इवलासा शिक्का म्हणजे भिंतभर मोठा फोटो दाबून बसवलेला. कोणाच्या फाइलीत वर्षभरापूर्वी खोडलेली वाक्यं अजून आत दबा धरून बसलेली, कोणाच्यात नऊ प्रकारचे फॉन्ट पोटात घेतलेले. ती एकेक गाठ सोडवत जायची. शेवटी आकडा धाडकन खाली आला की तिला भरलेली पिशवी हातातून ठेवल्यासारखं हलकं वाटायचं. दिवसभरात स्वतःचं म्हणावं असं तेवढंच सुख.

दुकानाचा एक नियम होता आणि तो तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर लाल अक्षरांत चिकटवलेला होता: गिऱ्हाइकाची फाइल दुकानाच्या मशीनवर ठेवायची नाही. ती इथे कामाला लागायच्या आधी कधीतरी कुठल्याशा परीक्षेची प्रश्नपत्रिका इथे टाइप झाली होती, ती मशीनवरच राहिली आणि भलत्याच्या हाती लागली. दोन महिने दुकानाला टाळं होतं. तेव्हापासून काम थेट पेन ड्राइव्हवर करायचं, तिथंच सेव्ह करायचं, काढून ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. प्रत काढायची नाही. मालकीणबाई बाकी कशालाही माफ करायच्या, याला नाही.

त्या बुधवारी दुकान उघडून अर्धा तासही झाला नव्हता तेव्हा पट्टीकाका आले.

पट्टीकाका म्हणजे इमारत तपासनीस म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. शर्टाच्या खिशातून स्टीलची फूटपट्टी कायम वर डोकावत असायची, म्हणून सगळ्या गल्लीत हेच नाव. बोलताना ती काढून समोरच्याच्या टेबलाची जाडी मोजायची सवय होती. वर्षातून चार-पाचदा ते काहीबाही छापून घ्यायला यायचे. यावेळी बऱ्याच महिन्यांनी आले होते, आणि शर्ट त्यांना एक माप मोठा झाल्यासारखा वाटत होता.

त्यांनी चष्म्याची डबी उघडली. आत चष्मा नव्हता, पेन ड्राइव्ह होता.

"पोरी, एकशे शहाऐंशी एमबी म्हणजे फार असतं का गं?"

"त्यांना किती चालतं?"

"पंधरा."

"मग फार आहे, काका."

"वाटलंच मला. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. पण ते साखरेबद्दल बोलत होते."

ती हसली. काका हसले नाहीत. ते विनोद करून मोकळे व्हायचे, हसायचं काम दुसऱ्यावर सोडायचे.

अभियंत्यांच्या एका संस्थेनं जुन्या माणसांकडून त्यांची टिपणं मागवली होती. निवडलेली नीट संपादून, छापून ग्रंथालयात ठेवणार होते. काकांनी निवृत्तीनंतर तीन वर्षं जुन्या भिंतींना गेलेले तडे बघितले होते. तीच भिंत, तोच तडा, दर काही महिन्यांनी. किती रुंदावला, किती पुढे सरकला. एकसष्ट फोटो, प्रत्येकाखाली माप आणि तारीख. मुदत आज संध्याकाळी पाचची.

"पीडीएफ करून देऊ? हलकी होईल."

"नको म्हणतात. त्यांना आत बदल करायचे असतात. वर्डच पाहिजे. आणि सांभाळून हं. घरचा कॉम्प्युटर मागच्या महिन्यात बसला तो उठलाच नाही, मुलानं भंगारात दिला. हे एवढंच आहे."

तिनं पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली. पहिल्याच पानावर करड्या भिंतीवरून वेडावाकडा उतरलेला तडा, त्याला आडवी लावलेली स्टीलची पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला तीन बोटं. बोटं बाईची होती. नखं बारीक कापलेली, एकावर पिवळट डाग.

"ही काकूंची?" तिनं विचारलं. काकू गेल्याचं तिला ठाऊक होतं. सात महिने झाले होते.

"तीच." काकांनी खिशातली पट्टी काढली आणि टेबलाच्या कडेला लावली. "ऑफिसात पट्टी धरायला हाताखाली माणसं असायची. घरी बसल्यावर कोण धरणार? हिला धरलं. मी फोटो काढायचो, ती पट्टी धरायची. कुरकुर चालूच. म्हणायची, लोकांचे नवरे बागेत नेतात, माझा पडक्या जिन्याखाली नेतो."

"मग काकू फक्त बोटांपुरत्याच?"

"फोटोत तडा आणि पट्टी, बस्स. माणूस दिसला की वाचणाऱ्याचं लक्ष माणसाकडे जातं. म्हणून ती मी कापली. सगळीकडे कापली." पट्टी परत खिशात गेली. "तेव्हा कापताना काही वाटलं नाही. शेवटच्या तीन वर्षांत तिचा धड एक फोटो नाही माझ्याकडे. आजारपणात काढायला गेलं की तोंड फिरवायची. एक पासपोर्टचा आहे. त्यात ती पाकीटमार दिसते. हे मी नाही म्हणत, तीच म्हणायची."

"मूळ फोटो कॅमेऱ्यात असतील ना?"

"कार्ड एकच होतं. फाइलीत चढवले की कार्ड पुसायचो. शिस्त."

त्यांनी चष्म्याची रिकामी डबी मिटली आणि दोन वाजता येतो म्हणून ते वाचनालयात जाऊन बसले.

ती कामाला लागली. आधी जुन्या खाडाखोडी काढल्या, समासातल्या टिपा पुसल्या, पोटातले फॉन्ट बाहेर काढले. एकशे शहाऐंशीचे एकशे एकाहत्तर झाले. म्हणजे सारं वजन फोटोंतच होतं, जसं नेहमी असतं. पान खाली सरकवताना चौदा नंबरच्या फोटोपाशी ती थबकली. पट्टीवरचा आकडा अर्धा कडेखाली गेला होता. माप दिसायला हवं, म्हणून चौकट केसभर बाहेर ओढावी असं तिनं ठरवलं आणि फोटो कापायच्या बटणावर दाबलं.

फोटोभोवती करडी सावली पसरली, आणि त्या सावलीत एक बाई उभी होती.

वर्डमध्ये फोटो कापला म्हणजे तो कापला जात नाही. नको असलेला भाग नुसता झाकला जातो. आत तो असतोच, आपलं वजन धरून. हे तिला माहीत होतं, रोजच्या भाकरीसारखं माहीत होतं. पण दिवसाला वीस फायली हाताखालून जातात, झाकलेल्या भागात काय आहे हे उघडून बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

तिनं मागे वळून बघितलं. मालकीणबाई फोनवर कोणाशी तरी कागदाच्या गठ्ठ्यांवरून भांडत होत्या. मग तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. एक कोरं पान उघडलं, चौदा नंबरचा फोटो उचलून त्यावर ठेवला आणि चौकट चारही बाजूंनी ओढून पूर्ण उघडली.

काकू हसत होत्या. निळा स्वेटर, चष्मा कपाळावर सारलेला, एका हातानं पट्टी भिंतीला दाबलेली आणि दुसरा हात पोटावर, हसून दुखायला लागल्यावर ठेवतात तसा. डोळे गच्च मिटलेले. मागे सायकलचं एक चाक आणि जिन्याच्या दोन पायऱ्या.

ती मूळ फाइलीत परतली आणि आणखी तीन फोटो उघडून बघितले, नुसते बघितले. सव्वीस नंबरमध्ये काकूंनी फोटो काढणाऱ्याला जीभ काढून दाखवली होती, साठीची बाई, शाळकरी पोरीसारखी. तेहेतिसात त्या डब्यातून काहीतरी खात होत्या, गाल फुगलेला, पट्टी धरलेल्या हाताकडे लक्षच नाही. अठ्ठेचाळिसात त्या घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, स्वेटर तोच पण आतलं माणूस निम्मं झालेलं. पट्टी मात्र सरळ. आणि बघत होत्या त्या पट्टीकडे नाही, तड्याकडे नाही, समोर, जिथे काका उभे असणार तिथे.

एकसष्ट. एकसष्ट वेळा ती बाई या फाइलीत होती, आणि तिचा नवरा तिला चष्म्याच्या डबीत घालून गावभर हिंडत होता.

तिनं घड्याळ बघितलं. पावणेबारा. काका आले की त्यांना खुर्चीवर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग एकेक उघडून दाखवायचा. फोटो वेगळे काढून द्यायचे, आणि मगच फाइल हलकी करायची. मालकीणबाईंना ती समजावणार होती. तिनं मनातल्या मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं: काका, तुम्ही म्हणता ना कापली, ती कापली गेलीच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पाळणाघरातल्या बाई. "तुमच्या चिमणीला ताप भरलाय. एकशे दोनच्या वर आहे. नुसती तुमचं नाव घेऊन रडतेय, लवकर या."

चिमणी अडीच वर्षांची. मागच्या हिवाळ्यात असाच ताप चढून तिला झटका आला होता, पांढरे झालेले डोळे आईनं बघितले होते. त्या दिवसापासून ‘ताप’ हा शब्द ऐकला की वजनवालीचे हात तिचे राहायचे नाहीत.

"बाई, मला जावं लागेल, पोरगी..." ती बाहेरच्या खुर्चीकडे वळून म्हणाली.

"जा, जा," मालकीणबाई लगेच म्हणाल्या. "काकांची तेवढी आटप आणि पळ. त्यांची आज मुदत आहे, मला ते जमायचं नाही."

ती बसलीही नाही. उभ्या उभ्याच एका हातानं पर्स गळ्यात अडकवत दुसऱ्या हातानं माउस धरला. फोटो लहान करायची खिडकी उघडली. तिच्यात दोन चौकोन असतात. एक म्हणतो, फक्त या फोटोपुरतं. दुसरा म्हणतो, फोटोचा कापलेला भाग काढून टाका. दोन्हींवर आधीच खूण असते. ती रोज काय करायची? पहिल्यावरची खूण काढायची, म्हणजे सगळ्या फोटोंना एका दमात लागू. दुसऱ्याकडे ती बघायचीही नाही, तो असतोच. हातांना हे इतकं पाठ होतं की डोकं तेव्हा पाळणाघराच्या पायऱ्या चढत होतं. खूण काढली, बटण दाबलं, सेव्ह केलं, फाइल मिटली.

नऊ एमबी.

एकशे एकाहत्तरचे नऊ. भरलेली पिशवी ठेवल्यासारखं हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणातच तिला कळलं की आपण काय ठेवलं.

तिनं फाइल पुन्हा उघडली. चौदावर कापायचं बटण दाबलं. सावली आली नाही. तडा, पट्टी, तीन बोटं, आणि बाजूला पांढरा कागद. सव्वीस. पांढरा. अठ्ठेचाळीस. पांढरा. मागे घ्यायचं बटण फिकट पडलेलं. एकदा मिटलेल्या फाइलीला मागचं काही आठवत नाही.

"काय झालं गं? चेहरा कशानं उतरला?" मालकीणबाई उठून आत आल्या. तिनं दोन-चार वाक्यांत सांगितलं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. बाजूला ते दुसरं कोरं पान अजून उघडं होतं, त्यात काकू डोळे मिटून हसत होत्या.

"हे इथे कसं?"

"मी काढून ठेवलं होतं. बघायला."

मालकीणबाईंनी भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बघितलं नाही. "तू जा पोरीकडे. मशीन दुरुस्तीवाल्याला मी विचारते."

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला की त्यावर आता काही लिहू नका, पेन ड्राइव्ह मला आणून द्या, सांगता येत नाही. काकांचं काय करायचं ते मालकीणबाईंनीच उरकलं. दोन वाजता ते आल्यावर फाइल संस्थेला पाठवली, पोचपावती छापून हातात दिली, आणि पेन ड्राइव्ह एका पडताळणीसाठी ठेवून घेतलाय, शुक्रवारी न्या, असं सांगितलं. काकांनी पावतीची घडी करून पट्टीमागे खिशात ठेवली आणि विचारलं, "पोरगी कुठाय?" ताप आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग बरं केलं गेली ते. फाइल काय, पाचपर्यंत थांबते."

चिमणीचा ताप गुरुवारी दुपारी उतरला. झटका आला नाही. दोन दिवस ती आईच्या खांद्यावर ओल्या कपड्यासारखी लोंबकळत होती. नवरा म्हणाला, "जेव की तू दोन घास, आता उतरलाय ना." ती जेवली. चिमणी झोपल्यावर तिनं फोन काढला आणि पोरीचे फोटो बघायला लागली. साडेतीन हजार होते. चिमणी बादलीत, चिमणी झोपेत, चिमणी भात फासलेली. ती स्वतः कुठे नव्हतीच. एकात चमचा धरलेला तिचा हात होता, मनगटापर्यंत. तिनं फोन पालथा घातला आणि कितीतरी वेळ पोरीच्या पाठीवर तसाच हात ठेवून बसून राहिली.

शुक्रवारी सकाळी दुरुस्तीवाल्यानं पेन ड्राइव्ह आणून दिला. "जुन्याच्या वरूनच लिहिलं गेलंय. तुकडे निघाले, पण नुसत्या राखाडी पट्ट्या. सोडून दे."

तो गेल्यावर मालकीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ येऊन बसल्या, असं त्या कधी करत नसत. "हे बघ. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. पण त्यांना माहीतच नव्हतं. जे माहीत नव्हतं ते गेलं, तर त्यांच्या लेखी काय गेलं? पेन ड्राइव्ह दे आणि गप्प बस. एकदा ती गेली म्हणून रडलेत. आता आपण सांगायचं, पुन्हा होती, आणि पुन्हा गेली?"

"आणि हा?" तिनं ड्रॉवर उघडला. चौदा नंबरचा फोटो तिनं सकाळीच जाड कागदावर छापून ठेवला होता.

"तो दिलास की बाकीचे कुठायत म्हणून विचारणारच ते."

"मग म्हणू का, एवढा एकच होता?"

"म्हणू शकतेस," मालकीणबाई म्हणाल्या. "मी असते तर म्हटलं असतं."

अकरा वाजता काका आले. हातात बिस्किटांचा पुडा होता. "तापकऱ्यासाठी. तू खाऊ नकोस, तुला वजनवाली म्हणतात." पुडा टेबलावर ठेवून ते तिच्या तोंडाकडे बघायला लागले, आता हसेल म्हणून. ती हसली नाही तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "उतरला ना ताप?"

"उतरला. काका, तुम्ही बसा."

ते बसले. तिनं जुळवलेलं ते वाक्य आता काही कामाचं नव्हतं, म्हणून ती तशीच बोलत गेली. कापलं म्हणजे आत नुसतं झाकलेलं असतं. काकू सगळ्या फोटोंत होत्या, पूर्ण होत्या. मी चार उघडून बघितले. तुम्हाला दाखवणार होते. मग फोन आला, आणि मी हातानं सगळे काढून टाकले. फोन आला म्हणून नाही काका, सवय म्हणून. परत मिळवायचा प्रयत्न केला, मिळाले नाहीत. एक राहिलाय.

"तिचं पोर तापानं फणफणलं होतं हो, त्या घाईत..." मालकीणबाई खुर्चीतून म्हणाल्या. काकांनी त्यांच्या दिशेनं तळहात वर केला, गाडी थांबवतात तसा.

बाहेर झेरॉक्सचं मशीन कोणाचे तरी कागद ओकत होतं.

"म्हणजे होती ती," शेवटी ते म्हणाले. "बुधवारपर्यंत."

"हो."

"आणि मी चष्म्याची डबी सात महिने खिशात..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. "दाखव."

तिनं फोटो समोर ठेवला. त्यांनी लगेच त्यावर तळहात पसरला, असा की फक्त तडा आणि पट्टी उघडी राहावी. तेवढंच बघितलं. "चौदा. जिन्याखालची भिंत. दीड मिलिमीटर." मग हात बाजूला घेतला.

ती दुसरीकडे बघायला लागली. काकांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"ही हसतेय कशाला?"

"मला नाही माहीत, काका."

"मीच काहीतरी बोललो असणार. दुसरं कोण होतं तिथे?" त्यांनी कपाळ चोळलं. "आठवत नाही."

मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली, तपासणीला जाताना न्यायचे तीच, कडा झिजलेली. पेन उघडलं. "चार बघितलेस म्हणालीस. नंबर आठवतात?"

"सव्वीस, तेहेतीस, अठ्ठेचाळीस."

"सांग. सावकाश सांग."

ती सांगायला लागली. सव्वीस, जीभ काढलीये, चष्मा नाही, केस वाऱ्यानं तोंडावर आलेत. ते लिहून घेत होते, भिंतीची नोंद करावी तशा बारीक, सरळ अक्षरात. तेहेतीस, डब्यातून खातायत, गाल फुगलाय. "कुठला?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "डावा." लिहिलं. अठ्ठेचाळिसापाशी ती अडखळली. स्टूल सांगितलं, रुमाल सांगितला.

"बघत कुठे होती?"

"तुमच्याकडे."

पेन थांबलं. मग तेही त्यांनी लिहिलं. खाली ओळ सोडली. "आणि एकसष्ट? शेवटचा. दवाखान्यात न्यायच्या आठवड्यातला आहे तो."

"तो मी उघडला नव्हता, काका."

त्यांनी एकसष्ट हा आकडा तरीही लिहिला आणि पुढची जागा कोरी ठेवली. पेनाचं टोक तिथेच टेकलेलं होतं, शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.

"तू चारच बघितलेस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच तिला तो सहन होईना. "मी एकसष्टच्या एकसष्ट वेळा समोर उभा होतो. हातभर अंतरावर. मला सगळे यायला हवेत ना?" त्यांनी वहीची आधीची पानं उलटली. तडा, रुंदी, लांबी, ओल आहे की नाही, प्रत्येक भेटीची तारीख. एकही माप सुटलेलं नव्हतं. "पण मी तड्याकडे बघत होतो गं."

दारात कोणीतरी येऊन विचारलं, "इथे फायलींचं वजन कमी करून मिळतं का?" मालकीणबाईंनी आत हाक मारली नाही. "आज नाही," एवढंच म्हणाल्या.

काकांनी वही मिटली नाही. ती तशीच उघडी ठेवून, फोटोवर पट्टी आडवी ठेवून, ते बसून राहिले. आणि ती टेबलापलीकडे उभी राहिली, कारण जा असंही त्यांनी म्हटलं नव्हतं आणि बस असंही.